आजोबांच्या वाटीतला राजमा

प्रिय बाळा,

तुझा निरोप काल रात्री वाचला. कवळी बसवल्यापासून आजोबांना चावून खाणं जमत नाही, सगळं बेचव लागतं म्हणतात आणि रोज काहीतरी झणझणीत मागतात. म्हणून इथे सॅन अँटोनियोला माझ्याकडे खाल्लेलं राजम्याचं डिप तुला त्यांच्यासाठी करायचंय. फार बरं वाटलं वाचून. कृती सांगतेच, पण आधी त्यांच्या तोंडाचा विचार कर.

वय झालं की नाक मंदावतं. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो. मिरचीचा चटका मात्र तोंडाला थेट जाणवतो, त्याला नाकाची गरज लागत नाही. म्हणून माणूस मिरची मागत राहतो. तू नुसतं तिखट वाढवत गेलीस तर त्यांच्या पोटात आग पडेल आणि घास तरीही बेचवच लागेल. तेव्हा मिरची घाल, पण मेहनत घे ती वासावर.

इथले मेक्सिकन लोक याला 'फ्रिहोलेस रेफ्रितोस' म्हणतात. नावावरून दोनदा तळलेलं असं वाटतं, पण त्यांच्या बोलीत 'रे' म्हणजे 'चांगलंच'. चांगला परतलेला राजमा, एवढाच अर्थ. ते पिंटो नावाचा ठिपक्यांचा राजमा घेतात. तुला पुण्यात चित्रा राजमा मिळेल, तो चालेल. दुकानदाराला नवा माल आहे का ते विचार. जुना राजमा कितीही शिजवला तरी आत खडा राहतो.

एक वाटी राजमा रात्री भरपूर पाण्यात भिजत घाल, सकाळी ते पाणी फेकून दे. मग ताजं पाणी, थोडं मीठ, अर्धा कांदा आणि तमालपत्र घालून कुकरला लाव. सहा शिट्ट्या, नंतर पंधरा मिनिटं मंद आच. टोमॅटो किंवा लिंबू आत्ता अजिबात घालू नकोस, आंबटपणाने राजम्याची सालं चिवट राहतात. झाकण उघडलं की एक दाणा जिभेवर ठेव आणि टाळूला दाब. दात न लावता त्याचं पीठ झालं पाहिजे. नाही झालं तर आणखी दोन शिट्ट्या काढ.

इथे मला तुला कळकळीने एक सांगायचंय. मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचं ते विजेचं भांडं या कामाला वापरू नकोस. मी नवी असताना त्यात भिजवलेला राजमा तसाच घातला होता. दाणे मऊ दिसले, आम्ही जेवलो आणि तीन तासांत दोघंही उलट्यांनी बेजार झालो. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. ते निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्यावर जातं, आणि त्या भांड्यात पाणी तेवढं तापेलच असं नाही. कुकरमध्ये ही भीती नाही. पण म्हाताऱ्या माणसाच्या ताटात जाणारा राजमा आहे, म्हणून लिहिलं.

शिजलेला राजमा पुरणाच्या चाळणीतून वाटीने घासून काढ. मिक्सर सोपा, हे खरं, पण त्यात सालांचे बारीक कपटे राहतात आणि ते कवळीखाली जाऊन बसतात. मग बोचतं, आणि ते कुणाला सांगत नाहीत, नुसतं ताट सरकवतात. चाळणीवर साल वर राहते आणि खाली लोण्यासारखं उतरतं. कट ठेवून दे, लागणार आहे.

आता वासाचं काम. तीन ब्याडगी आणि एक संकेश्वरी मिरची तव्यावर फक्त खमंग वास सुटेपर्यंत भाज. काळी पडली तर सगळं कडू होतं. बिया आणि आतल्या पांढऱ्या शिरा काढून टाक, खरा जाळ त्या शिरांत असतो. गरम पाण्यात भिजव आणि पाच लसूण पाकळ्या, भाजलेलं जिरं यांच्याबरोबर बारीक वाट. एक टोमॅटो थेट गॅसवर साल करपेपर्यंत भाजून, सोलून त्यातच घाल. इथे चिपोत्ले वापरतात, म्हणजे पिकलेली हालापेन्यो मिरची धुरावर वाळवलेली. तो धूर आपल्याला निखाऱ्याने आणता येतो.

जाड बुडाच्या कढईत तीन चमचे तेल तापव, वाटण तेल सुटेपर्यंत परत, मग राजमा घाल आणि लागेल तसा कट ओतत ढवळत राहा. तयार झालं हे ओळखायचं असं: उलथनं कढईच्या मधून ओढ. बूड क्षणभर दिसलं पाहिजे आणि राजमा हळूहळू परत मिळून आला पाहिजे. गार झाल्यावर तो बराच आळतो, म्हणून आचेवरून थोडा सैलच उतरव. मधोमध छोट्या वाटीत पेटता निखारा ठेव, त्यावर थेंबभर तूप सोड आणि तीन मिनिटं झाकण लाव. लिंबू सगळ्यांत शेवटी.

चव बघायची तर कढत असताना नको, कोमट झाल्यावर बघ, ते खातील तसं. आणि वाढायचंही कोमटच, कारण गार पदार्थाचा वास दबतो. तुला थोडं सौम्य वाटलं तरी मिरची वाढवू नकोस. तिखट नंतर वरून घालता येतं, काढता येत नाही. बाजूला घट्ट दही ठेव. चटका बसला तर पाण्याने शमत नाही, दह्याने शमतो. इथे याच्याबरोबर मक्याचे कडक चिप्स देतात, ते त्यांच्यासाठी नकोत. गरम ज्वारीच्या भाकरीचा वरचा पापुद्रा दे. उरलं तर लगेच फ्रिजमध्ये ठेव आणि तीन दिवसांत संपव.

पहिला घास घेताना त्यांच्यासमोर बस. वाटी तोंडाजवळ नेताना ते वासासाठी थबकले, तर पुढच्या वेळी संकेश्वरी अर्धीच घाल.

तुझी,
मावशी