आधी नांगर, मग रोपण

प्रिय बाय,

तुझा लांबलचक मेल दोनदा वाचला. पहिल्यांदा रागच आला. मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर वाढलेली, समुद्रविज्ञानात एम.एस्सी. केलेली मुलगी मला विचारते, ‘सर, आता या सगळ्याला काही अर्थ आहे का?’ दुसऱ्यांदा वाचताना कळलं, की खडपावरचं, म्हणजे पाण्याखालच्या खडकावरचं, प्रवाळ पांढरं पडलेलं बघून तू वर आलीस आणि अंगावरचं मीठ सुकायच्या आत लिहायला बसलीस. मग राग गेला. प्रश्न मात्र मला अजून पटलेला नाही.

तुझ्यापुढे दोन वाटा आहेत म्हणतेस. एका कंपनीच्या सीएसआर (समाजकार्याच्या) निधीतून हजार प्रवाळांचं रोपण, म्हणजे तोडलेले तुकडे खडपावर लावणं, त्यात तुला पगार, बोट, कॅमेरा. नाहीतर बाबांची होडी आणि पर्यटक. यातली कुठली धरू, असं विचारलंयस. होडी कुठे उभी करणार, ते आधी ठरव. नांगर खडपावर पडतोय तोवर बाकीच्या गोष्टी माझ्याशी बोलूच नकोस.

हसू नकोस. सर पुन्हा नांगरावर आले, असं तुमच्या बॅचमधली मुलं म्हणायची, ते मला माहीत आहे.

मागच्या हंगामातली एक सकाळ सांगतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला सात-आठ होड्या एकाच खडपावर उभ्या होत्या. मास्क लावून खाली बघितलं. चार हुकांचा लोखंडी नांगर पोरायटिस या प्रवाळाच्या गड्ड्यावर अडकलेला. वारा फिरला तशी होडी फिरली, होडीबरोबर दोर फिरला आणि खडपावरून घासत गेला. त्या फेरीत जे जे आलं ते खरवडून निघालं. गड्ड्याचा तळहाताएवढा टवका उडालेला, आतला भाग पांढराशुभ्र. पंधरवड्याने पुन्हा गेलो तर त्यावर हिरवट शेवाळाची लव चढली होती. पोरायटिस वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, पुष्कळदा तेवढाही नाही. तो गड्डा तुझ्याहून वयाने मोठा असणार. नांगर टाकणाऱ्या पोराला हे कोणी सांगितलेलंच नव्हतं. त्याला सांगितलं तर म्हणाला, ‘सर, मग नांगर खंय टाकू?’ प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर आपल्याकडे हवं होतं.

तू म्हणशील, समुद्र तापतोय आणि सर नांगराचं घेऊन बसलेत. तापतोयच. २०२३ पासून सुरू झालेली लाट ही प्रवाळ पांढरं पडण्याची चौथी जागतिक लाट. जगातल्या ८० टक्क्यांहून जास्त प्रवाळक्षेत्राला त्या उष्णतेची झळ लागली. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ असे तडाखे बसले. २४ वर्षांच्या सलग नोंदींतून दिसलं, की तिथलं जिवंत प्रवाळ जवळपास निम्म्यावर आलं आहे. हे कोळसा-तेल जाळण्यातून आलंय आणि ते थांबल्याशिवाय यातून सुटका नाही. इथपर्यंत आपलं एकमत आहे, त्यावर कागद वाया घालवत नाही.

पण तू शिकलेली आहेस, म्हणून पुढचं तुला कळायला हवं. पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं नसतं. उष्णतेच्या ताणाने त्याने आपल्या आत राहणारं, त्याला बहुतेक अन्न पुरवणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकलेलं असतं. काही आठवड्यांत पाणी निवलं तर ते शैवाल परत येतं, रंग परत येतो. पण त्या उपाशी आठवड्यांत त्याच्यावर गाळ बसला, पोहणाऱ्याच्या पायातल्या फिनचा फटका बसला, नांगर पडला, किंवा शेवाळ खाणारे मासे जाळ्यात गेल्यामुळे शेवाळाने जागा बळकावली, तर मग काही खरं नाही. घरात माणूस तापाने फणफणलेला असेल तर ताप आपल्या हुकमाने उतरत नाही, पण म्हणून कोणी त्याच्या छातीवर जाऊन बसत नाही. आपण बसतो, आणि त्याचे पैसे घेतो.

आता रोपणाबद्दल. ते वाईट आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही, लोक माझ्या तोंडी घालतात. तमिळनाडूत मन्नारच्या आखातात ते कित्येक वर्षं चाललं आहे, चांगली माणसं ते करतात. पण त्याच मन्नारमध्ये एके काळी चुन्यासाठी, बांधकामासाठी प्रवाळ खणून गाडीने नेत. ते खणणं बंद झालं नसतं तर रोपण कशावर टिकलं असतं? मुंबईत कोस्टल रोडसाठी २०२० मध्ये वरळी-हाजी अलीच्या प्रवाळाच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे नेल्या. भराव पडणारच होता, म्हणून नेल्या. ती निकड समजू शकतो. आणि फ्लोरिडाचं तर तूच वाचलं असशील. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथलं पाणी इतकं तापलं, की सोंब्रेरो रीफवर वर्षानुवर्षं हाताने लावलेलं सगळं प्रवाळ मेलं, असं लावणाऱ्या संस्थेनेच जाहीर केलं. नर्सरीतलं उचलून जमिनीवरच्या टाक्यांत ठेवायची वेळ आली. म्हणजे जे लावलं तेही त्याच पाण्यात आणि त्याच नांगराखाली राहणार. तुझे हजार तुकडे आपल्या खडपावर लावलेस, तर पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांतले किती उरतील?

आणि कायद्याची गंमत बघ. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीत प्रवाळ आहे. रोपणासाठी एक तुकडा तोडायचा तर तुला परवानगीचा कागद लागेल. नांगर रोज तोडतो, त्याला कसला आलाय कागद!

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ गाभा. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्यांना, होडीवाल्यांना कोणी विश्वासात घेतलं नाही, म्हणून विरोध झाला आणि तो रास्त होता. तेव्हा मी तरुण होतो. मला खंत त्या भांडणाची नाही. खडपात कालवं काढायला बुडी मारणारी आमची पिढी. कुठल्या खडपावर काय आहे हे पोरासोरांना तोंडपाठ. पण एकानेही दोन ओळी लिहून ठेवल्या नाहीत. आज कोणी विचारलं, पूर्वी किती होतं, तर आमच्याकडे ‘लय होतां’ एवढंच उत्तर आहे. लक्षद्वीपच्या त्या आकड्यांमागे कोणीतरी वर्षानुवर्षं त्याच जागी परत परत उतरलेलं असतं. तुला आंग्रिया बँकवर, त्या समुद्रातल्या बुडालेल्या प्रवाळ-पठारावर जायचंय, शंभरेक किलोमीटर आत, स्वच्छ पाण्यात. जा की. पण दांडीसमोरच्या गढूळ पाण्यात दर वर्षी त्याच खडपाचे फोटो काढायला कोणी येणार नाही, कारण त्याचा व्हिडिओ चांगला येत नाही.

माझ्यावर आरोप आहे, की मी पर्यटनाच्या मुळावर उठलोय. भाच्याने तर बोलणं टाकलं होतं. घरची होडी खडपावर उभी करू दिली नाही, वाळूवर नांगर टाकून पोहत जायला लावलं, तर गिऱ्हाईक शेजारच्या होडीत गेलं. गेलं, कबूल आहे. हंगाम तोट्यात गेला, तेही कबूल. पण मी त्या होडीच्या विरोधात नव्हतो. ती होडी दहा वर्षांनीही चालावी म्हणून भांडत होतो. खाली बघायला काही उरलं नाही तर पर्यटक काय वाळू बघायला येणार? हे मी भाच्याला सांगितलं, तुझ्या बाबांनाही सांगितलं होतं. बाबा हसले होते. असो.

पाण्याखाली पावाची पिशवी दाबून मासे गोळा करणं, पोहता न येणाऱ्या माणसाला व्हिडिओसाठी प्रवाळावर उभं करणं, हॉटेलांचं सांडपाणी, कर्लीच्या खाडीकाठची कांदळवनं तोडल्यावर सुटणारा गाळ, एलईडीच्या झगझगाटात मासे ओढून केलेली मासेमारी, हे सगळं तुला माझ्याइतकंच माहीत आहे. यादी करत बसत नाही. सनस्क्रीनने प्रवाळ मरतं म्हणणारी ती रील मात्र मला पुन्हा पाठवू नकोस. मालवणात पाण्यात उतरणाऱ्यांतले निम्मे लोक शर्ट घालून उतरतात.

नांगरापासून सुरुवात एवढ्यासाठी, की त्याला ना दिल्ली लागते ना जागतिक परिषद. मुरिंगचे बोये, म्हणजे नांगर न टाकता होडी बांधायचे तरंगते गोळे लागतात, आणि ते सांभाळायला माणूस. आपल्याकडे बोये कायमचे टिकत नाहीत, कारण टाकणाऱ्याचा फोटो येतो, दोर बदलणाऱ्याचा येत नाही. पावसाळ्याआधी काढायचे, पाऊस सरला की पुन्हा टाकायचे, मधे दर महिन्याला उतरून दोर बघायचा. तुला काम हवंय ना? हे काम आहे. त्या सीएसआरवाल्यांना सांग, हजार प्रवाळांऐवजी वीस बोये आणि एका माणसाचा पाच वर्षांचा पगार द्या. नाही म्हणाले तर त्यांना प्रवाळ हवं होतं की फोटो, ते कळेल.

त्यांच्यासाठी शिफारसपत्र मागितलंयस, ते मी देणार नाही. चिडशील, चीड. बोयांसाठी अर्ज केलास तर पहिली सही माझी.

बोया बांधायचा सिमेंटचा ठोकळा वाळूतच बसवायचा, खडपावर नाही. तळाकडचा दोर तरंगणारा, पॉलिप्रॉपिलिनचा घे. नायलॉन बुडतो आणि प्रवाळावर घासत राहतो. जाडी किती लागेल ते बाबांना विचार, त्यांना माझ्याहून जास्त कळतं. रविवारी सकाळी दांडीवर होडीवाल्यांची बैठक आहे, बाबांनाही घेऊन ये.

तुझे सर