एकाच डोळ्याचे दोन वेव्हफ्रंट अहवाल इतके वेगळे कसे?

लेसिकपूर्व (लेझरने चष्म्याचा नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेआधीच्या) वेव्हफ्रंट तपासणीत एका ठिकाणी उजव्या डोळ्याची उच्च कोटीची विपथने (नेहमीच्या चष्म्याने न सुधारणारे प्रतिमेतले दोष) ०.४२ मायक्रॉन आणि दुसऱ्या ठिकाणी ०.११ मायक्रॉन आली, तर यातले कोणते यंत्र चुकते आहे, असे आपण विचारले आहे. बहुधा कोणतेच नाही. आपण जोडलेल्या अहवालांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत बाहुलीचा व्यास छापला आहे: पहिल्यात ६ मिलिमीटर, दुसऱ्यात ४.

दोन्ही यंत्रे हार्टमन-शॅक पद्धतीची आहेत. हार्टमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस दुर्बिणीचे भिंग तपासण्यासाठी छिद्रांची चकती वापरली. १९७१ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातील शॅक आणि प्लॅट यांनी छिद्रांच्या जागी सूक्ष्म भिंगांची जाळी आणली आणि १९९४ मध्ये हायडेलबर्गच्या लिआंग, बिले व सहकाऱ्यांनी ती मानवी डोळ्यासाठी वापरून दाखवली. अवरक्त प्रकाशाचा बारीक ठिपका दृष्टिपटलावर पाडतात. तेथून परतणारा प्रकाश डोळ्याचे भिंग आणि कॉर्निया ओलांडून बाहेर येतो आणि जाळीतले प्रत्येक भिंग आपल्या वाट्याच्या प्रकाशाचा एक ठिपका कॅमेऱ्यावर उमटवते. डोळा निर्दोष असेल तर ठिपके समान अंतरावर पडतात. ठिपका जितका सरकला तितका त्या जागी तरंगाग्राचा (वेव्हफ्रंटचा, म्हणजे बाहेर येणाऱ्या प्रकाशलहरीच्या पृष्ठाचा) उतार. या उतारांवरून संपूर्ण तरंगाग्र बांधून त्याची झर्निके बहुपदींत, म्हणजे ठरावीक मूळ आकारांच्या सूत्रांत, फोड केली जाते. चष्म्याचा नंबर आणि सिलिंडर हे दुसऱ्या कोटीत येतात, तर कोमा (प्रतिमेला धूमकेतूसारखी शेपटी आणणारा दोष), ट्रेफॉइल (तीन टोकांचा दोष), गोलीय विपथन (कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न जुळणे) वगैरे त्यापुढच्या, म्हणजे उच्च कोटींत.

आता आपले आकडे पाहू. कोमा साधारणपणे बाहुलीच्या त्रिज्येच्या तिसऱ्या घाताने वाढतो आणि गोलीय विपथन चौथ्या घाताने. व्यास ६ वरून ४ वर आणला की कोमा सुमारे ०.३ पट आणि गोलीय विपथन सुमारे ०.२ पट उरते, म्हणजे ०.४२ चे ०.०८ ते ०.१२ होतात. आपले ०.११ नेमके या पट्ट्यात बसते. डायऑप्टरच्या, म्हणजे चष्म्याच्या नंबराच्या एककाच्या, भाषेत सांगायचे तर ६ मिलिमीटरला हा दोष सुमारे ०.३२ डायऑप्टरच्या धूसरतेएवढा आहे आणि ४ मिलिमीटरला सुमारे ०.१९. अर्थात ही तुलना ढोबळ आहे, कारण कोमाने पसरलेली प्रतिमा आणि नंबर चुकल्याने पुसट झालेली प्रतिमा डोळ्याला सारखी जाणवत नाही. रात्री दिव्यांभोवती शेपट्या दिसतात आणि दुपारी सारे ठीक असते, ही आपली तक्रार मात्र या आकड्यांशी जुळते, कारण अंधारात बाहुली मोठी होते.

एकूण आकड्याइतकेच महत्त्व मी कच्च्या ठिपक्यांच्या चित्राला देतो, आणि ते रुग्णाला क्वचितच दाखवले जाते ही खेदाची गोष्ट आहे. डोळे मिचकावल्यानंतर काही सेकंदांतच अश्रुपटल फाटू लागते. कोरड्या डोळ्यात तेथील ठिपके फिकट व पसरट होतात, आणि आज्ञावली मात्र त्यावरूनही निमूटपणे दोन दशांशांपर्यंतचा आकडा छापून देते. केराटोकोनसमध्ये (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या विकारात) तर ठिपके इतके सरकू शकतात की कोणता ठिपका कोणत्या भिंगाचा, हेच यंत्राला ओळखता येत नाही. म्हणून एकाच बैठकीत, डोळे मिचकावल्यावर लगेच घेतलेली किमान तीन मापने मागावीत आणि ती आपसांत जुळतात का ते पाहावे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर त्या किती दिवस आधी बंद करायच्या हे डॉक्टरांना आधीच विचारावे.

दोन्ही अहवाल एकाच व्यासावर मागवा. मोठ्या बाहुलीच्या मापनावरून लहान व्यासाचे आकडे गणिताने काढता येतात, उलट दिशेने मात्र नाही. त्यामुळे ६ मिलिमीटरचे मापन जपून ठेवावे. मग त्यातली उभ्या कोमाची ओळ वाचा. ०.४२ पैकी मोठा वाटा एकट्या उभ्या कोमाचा असेल, तर शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी कॉर्नियाची टोमोग्राफी (त्याच्या आकाराचा आणि जाडीचा नकाशा) करून घेऊन सुप्त केराटोकोनसची शंका फेडावी, असे मी आग्रहाने सांगेन.