रात्रीचं धुणं आणि खालच्या मजल्यावरची झोप

प्रश्न : मी नर्स आहे, मिस्टर हिंजवडीत नोकरीला. आम्ही वारज्यात सात मजली इमारतीच्या सातव्या मजल्यावर राहतो. घरात सासूबाई आणि दोन मुलं. सकाळी पावणेसातला मी बाहेर पडते, म्हणून धुणं रात्रीच लावते. आमचं सेमी ऑटोमॅटिक मशीन कपडे पिळताना ड्राय बाल्कनीत इतकं हादरतं की खालचे काका दोनदा वर येऊन गेले. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, झोप मोडली की त्रास होतो. ड्राय बाल्कनीला लागून सासूबाईंची खोली आहे. रात्री वीज स्वस्त असते असंही ऐकलंय. आवाज न करणारं, वीज कमी खाणारं मशीन कोणतं घ्यावं? पस्तीस हजारांपर्यंत जमेल.
— एक वाचक, वारजे

उत्तर : ताई, आधी स्वस्त विजेचं बोलू, कारण रात्रीच धुवायचं हा हट्ट बहुतेक वेळा त्यातूनच येतो. रात्री वीज स्वस्त मिळते ती काही परदेशांत. आपल्याकडे महावितरणने जुलै २०२५ पासून टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारं मीटर) असलेल्या घरगुती ग्राहकांना जी सवलत लागू केली, ती सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरासाठी आहे. तुमच्या बिलावर काय लागू आहे ते एकदा वाचा. पण मध्यरात्री मशीन लावून बिल कमी येईल ही आशा सोडा. तुमची अडचण वेळेची आहे आणि ती खरी आहे. मशीन त्यासाठी निवडू.

घ्यायचं ते फ्रंट लोड, सात किंवा आठ किलोचं, इन्व्हर्टर मोटरचं. मोटर थेट ड्रमला जोडलेली मिळाली तर उत्तम. जुन्या पद्धतीच्या मोटरीत कार्बन ब्रश घासतात आणि पट्टा फिरतो, दोन्हींचा आवाज होतो. इन्व्हर्टर मोटरीत ब्रश नसतात. पट्टा नसेल तर आवाजाचं आणखी एक ठिकाण कमी. शिवाय फ्रंट लोडच्या पोटात काँक्रीटचं वजन बसवलेलं असतं, त्यामुळे ते साधारण साठ-सत्तर किलोचं भरतं. उचलताना हमाल कुरकुरतात, पण त्याच वजनामुळे ते जागेवर राहतं. तुमच्या बजेटमध्ये असं मशीन बसतं.

दुकानात विक्रेता आवाजाचा एक आकडा सांगेल, पन्नासच्या आसपास डेसिबल वगैरे. तो धुतानाचा असतो. तुम्ही विचारा, पिळतानाचा किती? काकांची झोप मोडते ती शेवटच्या दहा-बारा मिनिटांत. युरोपातल्या लेबलवर तर पिळतानाचाच आवाज छापावा लागतो. तिथे ७३ डेसिबलच्या आत असेल तर सगळ्यात वरची ‘अ’ श्रेणी, ८१ किंवा त्याहून जास्त असेल तर सगळ्यात खालची. दहा डेसिबल वाढले की आपल्या कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो. म्हणून ७२ आणि ७९ मधला फरक किरकोळ समजू नका. माहितीपत्रकात हा आकडा नसेल तर दुकानातलं मशीन रिकामं का होईना, पण पिळण्यावर चालवून दाखवायला सांगा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

विजेचं म्हणाल तर मोटर फार खात नाही, खातो तो हीटर. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतं, ४० अंशांपर्यंत न्यायला पाव युनिटच्या थोडं वर. म्हणून रोजचे कपडे साध्या पाण्यावर लावा. तुमचा हॉस्पिटलचा गणवेश, सासूबाईंच्या चादरी, मुलांचे टॉवेल एवढेच वेगळे काढून गरम पाण्यात धुवा. ते मला गरजेचंच वाटतं, तिथे वीज वाचवायला जाऊ नका. बीईई या वीजबचतीच्या सरकारी संस्थेच्या ताऱ्यांच्या लेबलवर दर किलो कपड्यांमागे लागणारी वीज आणि पाणी दिलेलं असतं. टॉप लोडचे तारे फ्रंट लोडच्या ताऱ्यांशी ताडत बसू नका, हे आकडे ताडा. पाण्यात फ्रंट लोड बरंच पुढे निघेल.

आता जागा. माझ्या दुरुस्तीच्या कामात ‘मशीन फार आवाज करतं’ म्हणून आलेल्या तक्रारींत मशीनचा दोष कमी आणि बैठकीचा दोष जास्त दिसला. नारायण पेठेच्या जुन्या वाड्यांत लाकडी पाटणी दणदणायची. नव्या सोसायट्यांत ड्राय बाल्कनी दणदणते. ही बाल्कनी बहुतेक वेळा भिंतीबाहेर काढलेली असते, फरशीखाली भराव असतो आणि तो खचला की फरशी पोकळ होते. मशीन यायच्या आधी नाण्याने फरशी ठोकून बघा. ठण्ण न वाजता भद्द वाजली तर ती उखडून पुन्हा बसवून घ्या. मग पुढचं सगळं सोपं. दोन टेकूंवर ठेवलेल्या कडप्प्यावर मशीन ठेवू नका, तो ढोलासारखा घुमतो. आणि दुकानदार फुकट देतो म्हणून चाकांचा स्टँड तर मुळीच घेऊ नका. मशीनचे चारही पाय थेट घट्ट जमिनीवर हवेत.

बसवायला माणूस येईल तेव्हा घरातलं कोणीतरी उभं राहा. मागचे वाहतुकीचे बोल्ट काढले का, हे डोळ्यांनी बघा. ते राहिले तर ड्रम आतून जखडलेला असतो आणि पहिल्याच पिळण्याला मशीन स्वयंपाकघराकडे चालायला लागतं. बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना लागतात. मशीनवर स्पिरिट लेव्हल (सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) ठेवून पुढून-मागून, डावीकडून-उजवीकडून सपाटी जुळवा आणि मग पायांचे नट आवळा. रविवार पेठेत बोहरी आळीला लेव्हल आणि जाड रबरी पॅड दोन्ही मिळतात. पॅड चांगले, पण वाकडं बसवलेलं मशीन पॅडने सुधारत नाही. मशीन भिंतीला टेकू देऊ नका. मागचा पाइप भिंतीला घासत असेल तर मध्ये फोम घाला, नाहीतर सासूबाईंच्या उशाशी खडखड होईल.

पिळण्याचा वेग हा काकांसाठीचा खरा उपाय. कपडे ड्रममध्ये एका बाजूला गोळा झाले की जो असमतोल होतो, त्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १२०० फेऱ्यांऐवजी ८०० ठेवल्या तर तो निम्म्याहून कमी होतो. पुण्याच्या उन्हाळ्यात ८०० वर पिळलेले कपडेही दुपारपर्यंत खडखडीत वाळतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र जास्त वेग लागेल, तेव्हा ते पिळणं पहाटेनंतर होऊ द्या. आणि एकटी मोठी चादर टाकू नका. ती एका बाजूला गोळा होते आणि मशीन तिला सारखं झटकत बसतं. तिच्यासोबत लहान कपडे घाला.

वेळ ठरवायचं बटण जवळपास सगळ्या फ्रंट लोडमध्ये असतं. ‘इतक्या तासांनी पूर्ण होऊ दे’ असं सांगता येणारं मॉडेल घ्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६, आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल. नियम घराबाहेरच्या आवाजासाठी आहे, पण शेजारधर्माला हे घड्याळ चांगलं आहे. तुमचं धुणं सव्वासहाला संपेल असं लावा. पाणी भरणं आणि घुसळणं पहाटे होईल, त्याचा खाली उपद्रव नाही. पिळणं सहानंतर. वाळत घालायचं काम मिस्टरांकडे द्या. शेवटचा बीप बंद करता येतो, तोही बंद करा.

मध्यरात्री लावून सगळ्यांनी झोपून जायचं, हे मला पटत नाही. लंडनचं अग्निशमन दलही लोकांना वॉशिंग मशीन रात्री लावून झोपू नका असंच सांगतं. पाइप निसटला तर सातव्या मजल्यावरचं पाणी सहाव्यावर जातं. तुमच्या वेळापत्रकात पहाटेचा भाग झोपेतच जाणार, म्हणून काळजी घ्या. १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, अर्थिंग तपासलेलं, एक्स्टेन्शन बोर्ड नाही, आणि काम झालं की नळ बंद.

घेण्याआधी वॉचमनला विचारा, रात्री टाकीचा व्हॉल्व्ह बंद करतात का? पुण्यातल्या कित्येक सोसायट्या पाणी पुरवून वापरायला तो बंद ठेवतात. मग पाण्याअभावी मशीन मध्येच अडकतं आणि सकाळी सगळं साबणात भिजत पडलेलं. दुसरं, तुम्ही वरच्या मजल्यावर आहात. टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तेव्हा कुठे एक बार दाब मिळतो. तुमच्या डोक्यावरच्या टाकीची उंची तीन-चार मीटर असेल, म्हणजे ०.३ ते ०.४ बार. काही मशीनना किमान ०.५ लागतो. माहितीपत्रकात हा आकडा आधी बघा, तारे नंतर मोजा. दाबाचा पंप बसवावा लागला तर शांत मशीन घेऊन उपयोग काय?

प्रश्न : आमचं फ्रंट लोड सात वर्षांचं आहे. अलीकडे पिळताना विमान उडाल्यासारखं घोंघावतं. दुरुस्त करावं की नवीन घ्यावं?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : आधी घरच्या घरी बघा. मशीन बंद करून प्लग काढा, रिकामा ड्रम हाताने फिरवा. घरघर ऐकू आली तर बेअरिंग गेलंय. ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा. बाहेरच्या टबासकट सगळं मिळून हललं तर ठीक, ड्रम एकटाच सैल हलला तरी बेअरिंगच. घरघर नाही, पण ड्रम ढकलल्यावर बराच वेळ झुलत राहतो, तर डॅम्पर, म्हणजे टबाचे हादरे शोषणारे दांडे, गेलेत. ते स्वस्तात बदलून मिळतात. खडखड असेल तर खालचा फिल्टर उघडा, नाणी आणि हुक सापडतील. उघडण्याआधी खाली परात ठेवा.

बेअरिंग बदलायचं तर मेकॅनिकला एकच विचारा, टब उघडतो की चिकटवून बंद केलेला आहे? उघडत असेल तर जरूर दुरुस्त करा. बंद असेल तर ड्रमसकट पूर्ण टब बदलावा लागतो. तो खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर जात असेल तर नवीन घ्या. आणि घरात टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर पाण्याचा कठीणपणा तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंतचा कठीणपणा योग्य मानतात. त्याच्या बराच वर असेल तर महिन्यातून एकदा क्षार काढणारी पावडर टाकून रिकामं मशीन ६० अंशांवर चालवा.