काचेआतलं पाणी आणि खोबरेल तेल

प्रश्न: आजरा तालुक्यात माझी भातशेती आहे. गवे आणि रानडुकरांची राखण करायला मे महिन्यात ऑनलाइन ६,८५० रुपयांची मोठ्या झोताची बॅटरी घेतली. खोक्यावर 'आयपी६८' (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) छापलंय. जुलैत काचेच्या आत पाणी दिसायला लागलं. कंपनीचा मेल आला: "आत बाष्प धरणे नैसर्गिक आहे, हा उत्पादनदोष नाही. पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही." गडहिंग्लजचा मेकॅनिक म्हणतो, पुढची रिंग खोलून वाळवून देतो. मागचं झाकण घट्ट फिरायचं म्हणून मी त्याच्या आट्यांना खोबरेल तेल लावलं होतं. दाद मागता येईल का?

उत्तर: येईल. पण आधी त्या मेकॅनिकला थांबवा. पुढची रिंग एकदा फिरली की पाणी कुठून आलं हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि तुमचं सगळं प्रकरण त्याच एका मुद्द्यावर उभं आहे.

काचेआड पाणी दोन तऱ्हांनी दिसतं. बॅटरीचं झाकण लावताना आत राहिलेली दमट हवा, तापलेल्या काचेवर गार पाऊस पडला की धुक्यासारखी धरते. दिवा थोडा वेळ लावला की ते धुकं विरतं. एवढंच होत असेल तर कंपनीचं म्हणणं बरोबर आहे, भांडू नका. मात्र थेंब जमून रिफ्लेक्टरच्या तळाशी ओघळत असतील, बॅटरी कलती केली की जागा बदलत असतील आणि दिवा लावूनही जात नसतील, तर ते बाहेरून शिरलेलं पाणी आहे.

आता त्यांच्या मेलमधली दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. पहिलं म्हणतं पाणी बाहेरून आलंच नाही, दुसरं म्हणतं आलं पण भरपाई मिळणार नाही. दोन्ही एकदम कशी खरी असतील? आणि 'आयपी'मधला शेवटचा ८ म्हणजे कंपनीनं सांगितलेल्या खोलीत, सांगितलेला वेळ बुडवली तरी नुकसान होईल असं पाणी आत जाणार नाही ही हमी. त्याच्या खालच्या ७ या दर्जाची कसोटीच १ मीटर पाण्यात ३० मिनिटांची असते. खोक्यावर हे छापायचं आणि पाऊस लागला की वॉरंटीतून अंग काढायचं, याला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे वस्तूतला दोष आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हणून आव्हान देता येतं. 'अनुचित करार' (म्हणजे वॉरंटीच्या अटीच एकतर्फी आहेत) हा मुद्दा मात्र घेऊ नका. ते अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला नाहीत, फुकट तांत्रिक हरकत ओढवेल.

तेलाचं मात्र तक्रारीत स्वतःहून लिहा. लपवलंत तर सामनेवाल्यांचे वकील 'तेलामुळेच पाणी शिरलं' म्हणत त्यावरूनच तुम्हाला घसरवतील. तेल मागच्या आट्यांना लावलंत आणि थेंब पुढे आहेत. मागून पाणी आलं असतं तर आधी झाकणातली स्प्रिंग ओली झाली असती, गंजली असती. सेल बदलायला मागचं झाकण उघडणं हा नेहमीचा वापर आहे, तेव्हा ते उघडा, सेल काढून वेगळा ठेवा (ओलसर बॅटरी चार्जिंगला लावू नका) आणि स्प्रिंगचा जवळून फोटो घ्या. मग बॅटरी हळूहळू कलती करत ओघळणाऱ्या थेंबाचा व्हिडिओ काढा. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच नीट बसतंय का तेही दाखवा, कारण बूच उघडं राहिलं असेल तर ती हमी लागू होत नाही. मूळ व्हिडिओ फोनमधून पुसू नका. तक्रारीला तो जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र द्या.

"शेतीच्या धंद्यासाठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही" असंही ऐकवतील. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यानं 'व्यापारी हेतू'तून वगळली आहे. शेतकरी ग्राहक ठरतो हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या बियाण्याच्या खटल्यात सांगितलंय.

ज्या ऑनलाइन पोर्टलवरून बॅटरी घेतलीत त्याच्या तक्रार अधिकाऱ्याला आजच लिहा. त्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. तरी हालचाल नसेल तर विक्रेता आणि खोक्यावर नाव असलेला आयातदार या दोघांना स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा, १५ दिवस द्या, आणि मग कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात जा. तुम्ही राहता तिथे दावा चालतो, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि मुदत २ वर्षांची आहे.

फक्त प्रयोगशाळेच्या तपासणीचा आग्रह तुम्ही धरू नका. तिचा खर्च आधी तक्रारदारालाच भरावा लागतो. थेंब डोळ्यांना दिसतोय, तेवढ्यावर भागत असेल तर भागवावं.

माझा अंदाज, नोटीस मिळाल्यावर ते बदलून द्यायला तयार होतील. घ्या, पण जुनी परत करताना पोच घ्या आणि नव्या बॅटरीची वॉरंटी नव्या तारखेपासून मोजली जाईल हे लेखी घ्या. आणि नव्या झाकणाला खोबरेल लावू नका, माहितीपत्रकात सांगितलेलं ग्रीसच लावा.