अर्ध्या किमतीतली गाडी

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यातलं एक वाक्य डोक्यातून जात नाही: ‘गाडी अर्ध्या किमतीत मिळतेय, अशी संधी पुन्हा येणार नाही.’ फोटोही पाहिले. साठच्या दशकातली उघडी टू-सीटर, तारांची चाकं, लांबलचक बॉनेट. तुझा जीव तिच्यात अडकलाय हे फोटो काढण्याच्या पद्धतीवरूनच कळलं. तरी आधी विचारतो, अर्धी किंमत म्हणजे कशाच्या अर्धी?

मालकानं दोन वर्षांपूर्वी जो आकडा सांगितला होता, त्याच्या अर्धी. तो आकडा त्याला कुणी देऊ केला होता का? दिला असता तर गाडी आज त्याच्याकडे राहिली नसती. सांगितलेला भाव आणि पटलेला भाव यांत नेहमीच अंतर असतं. मंदीत ते इतकं वाढतं की सांगितलेल्या भावाला काही अर्थच उरत नाही.

मंदी आली की या बाजारात भाव लगेच पडत नाहीत, आधी व्यवहार थांबतात. मालक जुन्या आकड्याला चिकटून बसतो, गिऱ्हाईक हात आखडता घेतं. लिलावात गाडी मालकानं आधी ठरवलेल्या राखीव किमतीपर्यंत पोचत नाही आणि आली तशी परत जाते. कितीतरी महिने असेच जातात. मग कुणाची तरी नड निघते. धंद्याचं कर्ज असेल, घटस्फोट असेल, घरातला कर्ता गेला असेल. ती गाडी मिळेल त्या भावाला जाते आणि पुढचे सगळे तिच्याकडे बोट दाखवून घासाघीस करतात. तुला खरा भाव हवा असेल तर गेल्या सहा महिन्यांत त्याच मॉडेलच्या, त्याच अवस्थेतल्या किती गाड्या प्रत्यक्षात विकल्या गेल्या ते शोध. लिलावाचे आकडे बघताना हातोडा पडलेली रक्कम, म्हणजे शेवटची बोली, कोणती आणि खरेदीदाराचं कमिशन धरून झालेली कोणती, हे नीट वेगळं कर. विकणाऱ्याकडूनही बहुतेक ठिकाणी वेगळं कमिशन कापतात. म्हणजे आज घेतलेली गाडी उद्या त्याच भावाला विकलीस तरी तू तोट्यातच राहशील. ‘थोडे दिवस ठेवीन, मग विकून पैसे सोडवीन’ असा तुझा जो बेत आहे, तो इथेच अडखळतो.

तू विचारलंस, मंदीत घेतलेल्या गाडीनं कुणाचं भलं झालं का? झालं. पण कसं झालं ते बघ.

१९ ऑक्टोबर १९८७ रोजी जगभरचे शेअर बाजार कोसळले. त्यानंतर साधारण महिनाभरात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात एक बुगाटी रोयाल तोवरच्या विक्रमी ५५ लाख पौंडांना गेली. एत्तोरे बुगाटीला अशा पंचवीस गाड्या काढायच्या होत्या. महामंदीच्या तडाख्यात निघाल्या सहा आणि त्यातल्या तीनच गिऱ्हाइकांनी घेतल्या. उरलेली इंजिनं रेल्वेच्या डब्यांना बसवून त्यानं कारखाना तगवला. लिलावातली ही रोयाल १९३२ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडली होती, तेव्हा तिला कुणी घेतलं नाही. ती बुगाटी कुटुंबाकडेच पडून राहिली. १९५० मध्ये ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकी शर्यतपटूनं ती घेतली आणि पुढची साडेतीन दशकांहून जास्त ती त्याच्याच संग्रहात होती. विकल्या गेलेल्या तिघींपैकी एकीच्या इंजिनातलं पाणी थंडीत गोठलं, ब्लॉक तडकला आणि ती न्यूयॉर्कमध्ये भंगारात जाऊन पडली. जनरल मोटर्सच्या चार्ल्स चेन या इंजिनिअरनं ती उचलली, वेळ काढून दुरुस्त केली. आज ती हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

लोक ही गोष्ट ‘भंगारातून सोनं’ म्हणून सांगतात. तू मात्र मधली वर्षं मोज. १९३२ च्या प्रदर्शनापासून १९८७ च्या लिलावापर्यंत पंचावन्न! कनिंगहॅमला किंवा चेनला आपापली गाडी पुढच्या वर्षी विकून घराचा हप्ता भरायचा नव्हता.

त्या विक्रमानंतर उलटा खेळ सुरू झाला. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी वारले आणि फेरारीचे भाव आभाळाला भिडले. फेरारीची एफ४० ही गाडी चारशेच्या आसपास निघेल असं बोललं जायचं, त्यामुळे लोक रांगेतल्या नंबरासाठी मूळ किमतीच्या कितीतरी पट मोजत होते. प्रत्यक्षात गाड्या निघाल्या तेराशेच्या वर. जॅग्वारनं १९८८ मध्ये एक्सजे२२० दाखवली: बारा सिलिंडर, चारही चाकांना ताकद. लोकांनी पन्नास-पन्नास हजार पौंड विसार दिला. १९९२ मध्ये गाडी हातात आली तेव्हा तिला सहा सिलिंडर होते, ताकद मागच्याच दोन चाकांना होती आणि तोवर भाव कोसळून मंदी मुरली होती. कितीतरी जणांना व्यवहारातून सुटायचं होतं. प्रकरणं कोर्टात गेली. या माणसांपैकी बऱ्याच जणांना गाडी कधी चालवायचीच नव्हती. त्यांना ती पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायची होती आणि तो पुढचा गिऱ्हाईक आलाच नाही.

आता २००९ बघ. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडून पाच महिने झालेले, सगळीकडे हाय खाल्लेली. त्या फेब्रुवारीत पॅरिसला बोनहॅम्सच्या लिलावात १९३७ ची बुगाटी टाइप ५७एस अटलांट ३४ लाख युरोंना गेली. एका डॉक्टरच्या गॅरेजमध्ये ती कित्येक दशकं धूळ खात उभी होती. त्याच वर्षी मे महिन्यात इटलीत, फेरारीच्या मारानेल्लो गावी, १९५७ ची फेरारी टेस्टा रोसा ९० लाख युरोंच्या वर गेली, तोवरचा लिलावातला विक्रम. आणि त्याच काळात अमेरिकेतल्या मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाच्या गाड्या, ज्या दोन-तीन वर्षांपूर्वी वेड्यासारख्या चढल्या होत्या, धडाधड खाली येत होत्या. त्यातल्या कितीतरी घराच्या वाढत्या किमतीवर काढलेल्या कर्जातून घेतल्या होत्या. घरं पडली, त्यांच्यामागोमाग गाड्याही पडल्या.

म्हणून मंदीत ‘क्लासिक गाड्यांचा भाव’ अशी एक गोष्ट नसते. ज्या गाडीला कुणी हात लावलेला नाही, जिचे कागद पहिल्या मालकापासून सलग आहेत, ती टिकते. अगदी साध्या, हजारोंनी निघालेल्या, सुटे भाग सहज मिळणाऱ्या गाड्याही फार पडत नाहीत, कारण त्या प्रेमाखातर घेतल्या जातात. मार बसतो तो मधल्यांना: वरून चकाचक, आतून सामान्य, कागद अर्धवट, आणि किंमत मात्र उत्तम गाडीची. तुझी टू-सीटर या मधल्या गटातली आहे का, हा माझ्या मते तिच्या किमतीपेक्षा मोठा प्रश्न आहे.

आता माझं सांगतो. हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेन. अशाच पडत्या काळात एक जुनी कूपे मला ‘फुकटात’ मिळाली. बॉडी एका बाजूला, इंजिन दुसऱ्या बाजूला, बाकी सगळं खोक्यांत. निम्मे पैसे माझे, निम्मे उसने. मी हिशेब गाडीच्या किमतीचा केला होता. पत्र्याचं काम, क्रोम, सीटचं कातडं, रबराच्या पट्ट्या, जागेचं भाडं, विमा, यांतलं काहीच धरलं नव्हतं. खोक्यांत काय आहे ते पाहिलं, काय नाही ते पाहिलं नाही. पत्रा झाला, रंग अर्धा झाला आणि माझी कामं आटली. ज्याचे पैसे होते त्याचीही नड निघाली. त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मी ती गाडी जोडकामाच्या मधोमध, सगळ्यात वाईट अवस्थेत विकली. अर्धवट गाडीला सुट्या गाडीपेक्षाही कमी भाव येतो, कारण दुसऱ्यानं सुरू केलेल्या कामावर कुणाचा भरवसा नसतो.

घेणारा माणूस शांत होता. त्यानं तीन तास गाडी पाहिली, एकच आकडा सांगितला, तो का हे समजावलं आणि त्याच दिवशी सगळे पैसे दिले. मी रागावलो नाही. त्याच्याकडे वेळ होता आणि माझ्याकडे नव्हता, एवढाच आमच्यातला फरक होता.

म्हणून गाडी बघायला जाण्याआधी एक कागद घे. पुढची चार वर्षं ही गाडी अजिबात विकता येणार नाही असं धर. तुझं काम सहा महिने बंद पडलं असंही धर. या दोन गोष्टी झाल्या तरी जागा, विमा, देखभाल आणि एक मोठी दुरुस्ती तुझ्या शिलकीतून निघते का? निघत असेल तर पुढचं वाच. नसेल तर मालकाला आजच फोन करून नाही म्हणून सांग. त्याला तिष्ठत ठेवू नकोस. कर्ज काढून तर मुळीच घेऊ नकोस, व्याज कितीही कमी असो. आज तो माणूस ज्या खुर्चीत बसलाय, कर्ज तुला त्याच खुर्चीत नेऊन बसवेल.

गेलीस, तर रंगाकडे शेवटी बघ. आधी खाली वाक. दारांखालच्या पेटीसारख्या पट्ट्या, फरशीच्या कडा, मागच्या स्प्रिंगा जिथे बॉडीला धरतात ती जागा, चाकांवरच्या कमानी: या गाड्या इथून कुजतात. पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरव. पत्रा लोखंडी असूनही जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे असं समज. दारं उघडून सोड. ती खाली लोंबत असतील किंवा फटी वर-खाली असतील तर सांगाडाच वाकलेला असू शकतो. इंजिन दुरुस्त होतं, पत्रा माणसाला भिकेला लावतो. गाडी बराच काळ उभी असेल तर ब्रेकचं तेल पाणी शोषतं, पेट्रोल शिळं होऊन कार्ब्युरेटर चिकटतो, सील वाळतात. टायरवर खोल नक्षी दिसली म्हणून फसू नकोस. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. चारऐवजी तीनच आकडे असले तर टायर गेल्या शतकातला आहे.

चॅसी नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी स्वतः ताडून बघ, दुसऱ्याच्या तोंडावर जाऊ नकोस. इंजिन बदललेलं असेल तर गाडी वाईट ठरत नाही, पण भाव वेगळा ठरतो, आणि विकताना तेच तुला कुणीतरी विचारणार आहे. जुनी बिलं, सर्व्हिसची वही, आधीच्या मालकांची पत्रं, मिळेल ते सगळं माग. मंदीत गिऱ्हाइकाला निवडायला भरपूर गाड्या असतात, त्यामुळे कागद नसलेली गाडी तो सगळ्यात आधी बाजूला सारतो.

विकण्याबद्दल थोडंच सांगतो, कारण तुला आत्ता त्याची घाई नाही. विकावीच लागली तर नड दारात यायच्या आधी वीक. एकदाच, नीट भाव लावून बाजारात आण. जी गाडी तीन ठिकाणी लागून प्रत्येक वेळी थोडी खाली येते, तिच्यात काहीतरी खोट आहे असं लोक धरून चालतात, नसली तरी. आणि जे दोष तुला माहीत आहेत ते आधीच लिहून दे. त्यानं भावात होणारी घट, गिऱ्हाइकानं तीन तास वाकून स्वतः दोष शोधल्यावर होणाऱ्या घटीपेक्षा कमीच असते.

आणखी एक. तो माणूस नडलेला आहे असं तू लिहिलंस, आणि पुढे लिहिलंस, ‘अजून दोन महिने थांबले तर आणखी खाली येईल.’ कदाचित येईलही. पण हे करू नकोस. गाडी पाहा, तुझा आकडा ठरव, कारणासकट सांग, आणि तो हो म्हणाला तर पैसे त्याच दिवशी दे. अशा माणसाला दोन रुपये जास्त मिळण्यापेक्षा ते आज मिळण्याचं मोल मोठं असतं. त्यात त्याचाही मान राहतो आणि तुलाही रास्त भाव मिळतो. पुढे कधीतरी त्या गाडीचा एखादा सुटा भाग किंवा जुना फोटो त्याच्या माळ्यावर सापडेल, तेव्हा तो तुलाच फोन करेल. माझ्या कूपेची हरवलेली वही मला चार वर्षांनी सापडली. मी ती त्या शांत माणसाला स्वतः नेऊन दिली.

जाशील त्याच्या आदल्या दिवशी मालकाला सांग की इंजिन आधी चालू करून ठेवू नका, मला ते गार असताना सुरू झालेलं बघायचंय. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघ. आणि चॅसीच्या पट्टीचा फोटो उजेडात काढून मला पाठव. ती कशी ठोकली आहे ते मला बघायचंय.

तुझा,
काका