सिनड भरला की भरली, आणि ती कुणाची?

प्रश्न असा आला आहे: ‘इंग्लंडमधल्या एका डायसिसच्या सिनडने ठराव केला, अशी बातमी मराठीत द्यायची आहे. सिनड भरला म्हणायचं की भरली? आणि सोबत “धर्मगुरूंची परिषद” असा खुलासा केला तर चालेल ना?’

नाही चालणार. हा खुलासा मी गेली कित्येक वर्षं वाचतो आहे, ऐकतो आहे, आणि दर वेळी तोच राग येतो. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतली, सिनड ही धर्मगुरूंची परिषद नव्हे. तिच्यात धर्मगुरू असतात, बिशप असतात आणि त्यांच्या बरोबरीने, मतदानाच्या पूर्ण हक्कासह, साधे सभासद बसतात. शिक्षक, वकील, नर्स, निवृत्त कारकून, घर सांभाळणाऱ्या बाया. ‘धर्मगुरूंची’ हा एकच शब्द लिहून बातमीदार या सगळ्यांना दाराबाहेर काढतो.

चर्च ऑफ इंग्लंडमध्ये हे कसं चालतं ते आधी थोडक्यात. डायसिस म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश, आणि पॅरिश म्हणजे तिच्यातली एका स्थानिक चर्चची हद्द. पॅरिशच्या मतदारयादीत सोळा वर्षांवरच्या सभासदाला नाव घालता येतं. वार्षिक सभेत हे लोक आपली पॅरिश कौन्सिल निवडतात आणि डीनरी सिनडवर, म्हणजे आसपासच्या पॅरिशांच्या एकत्रित सभेवर, आपले प्रतिनिधी पाठवतात. डीनरीतले प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेले, सभासद पुढे डायसिसच्या सिनडवरचे प्रापंचिक निवडतात, धर्मगुरू आपले निवडतात. डायसिसच्या सिनडमध्ये तीन हाउस, म्हणजे सभागृहं, असतात: बिशपांचं, धर्मगुरूंचं आणि प्रापंचिकांचं. ती दर तीन वर्षांनी नव्याने निवडली जाते. पैशांचा अंदाज, पॅरिशांनी द्यायचा वाटा, डायसिसची धोरणं हे सगळं तिच्यापुढे येतं. सर्वांत वर जनरल सिनड. १९६९ च्या कायद्याने ही रचना आली आणि १९७० मध्ये पहिली जनरल सिनड भरली. तिने मंजूर केलेले ‘मेझर’, म्हणजे चर्चविषयक कायदे, पार्लमेंटकडे जातात आणि राजमान्यतेनंतर त्यांना देशाच्या कायद्याचं बळ मिळतं.

हे तीन हाउस केवळ शोभेचे आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी २० नोव्हेंबर २०१२ चा निकाल पाहावा. स्त्रियांना बिशप होऊ द्यावं असा प्रस्ताव होता. त्याआधी ४४ पैकी ४२ डायसिसांच्या सिनडांनी त्याला होकार कळवला होता. जनरल सिनडमध्ये प्रत्येक हाउसात दोनतृतीयांश मतं हवी होती. बिशपांनी ४४ विरुद्ध ३ असा कौल दिला, धर्मगुरूंनी १४८ विरुद्ध ४५. प्रापंचिकांमध्ये १३२ बाजूने आणि ७४ विरोधात पडली. सहा मतं कमी पडली आणि प्रस्ताव कोसळला. ती खरोखरच धर्मगुरूंची परिषद असती तर त्या दिवशी संध्याकाळी तो मंजूर झाला असता. प्रत्यक्षात त्यासाठी जुलै २०१४ उजाडावा लागला. आता सांगा, ‘धर्मगुरूंच्या परिषदेने प्रस्ताव फेटाळला’ असं छापलं तर वाचकाला काय कळणार? ज्यांनी होकार दिला त्यांच्याच नावावर नकार चढतो.

हा घोटाळा कुठून आला हेही दिसतं. आपल्या वर्तमानपत्रांच्या कानावर ‘सिनड’ हा शब्द बहुतेक वेळा रोमवरून येतो. तिथली १९६५ मध्ये पोप सहावे पॉल यांनी स्थापन केलेली सिनड नावानेच बिशपांची. तिच्यात स्त्रियांना आणि इतर प्रापंचिकांना मताचा हक्क ऑक्टोबर २०२३ च्या अधिवेशनात पहिल्यांदा मिळाला. वसईच्या वाचकाने सिनड म्हटल्यावर बिशप डोळ्यांपुढे आणले तर त्याचं काही चुकत नाही. पण कँटरबरीची बातमी लिहिताना व्हॅटिकनचा अर्थ उचलायचा नसतो.

‘डायसिस’ पटकन उरकतो. ग्रीक ‘दिओइकेसिस’, म्हणजे घरकारभार. मुळात ‘ओइकोस’ हे घर, आपल्या ‘विश्’ आणि ‘वेश्म’ यांच्या गोतावळ्यातलं. रोमन साम्राज्याने तो शब्द प्रांतांच्या गटासाठी वापरला आणि चर्चने तो तिथून घेतला. मराठीत कॅथलिक मंडळी ‘धर्मप्रांत’ म्हणतात, प्रॉटेस्टंट मंडळी बहुधा ‘डायसिस’च म्हणतात. ज्यांच्याबद्दल लिहिता त्यांचा शब्द वापरा.

आता ‘सिनड’. या शब्दासाठी मला दिवसभर बोलायला सांगितलं तरी मी तयार आहे.

‘सिन’ म्हणजे सह, ‘होदोस’ म्हणजे वाट. सगळे कोश इथवर येतात आणि थांबतात. होदोस तुम्ही रोज वापरता: मेथड, पीरियड, एपिसोड, एक्झोडस, सगळ्यांच्या पोटात ही वाट आहे. विजेच्या अॅनोड आणि कॅथोडमध्येही तीच. फॅरडेला १८३० च्या दशकात हे दोन शब्द सुचवणारा विल्यम ह्यूएल स्वतः अँग्लिकन धर्मगुरू होता. मात्र ‘सिनोदोस’ या जोडशब्दात होदोसचा ‘ह’ गळून पडला. इंग्रजीत तो नाही, लॅटिनमध्ये नाही. तो टिकला कुठे? सुरियानीत, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती चर्चांच्या जुन्या भाषेत, आणि सुरियानीतून थेट केरळात. मलयाळममध्ये सिनडला ‘सूनहदोस’ म्हणतात. १५९९ मध्ये गोव्याचा आर्चबिशप आलेशो द मेनेझेस याने कोचीजवळ उदयंपेरूर इथे जी गाजलेली सिनड भरवली, ती तिथे आजही ‘उदयंपेरूर सूनहदोस’ या नावाने ओळखली जाते. ग्रीकांच्या लिखाणातून निसटलेला ‘ह’ मलबारच्या किनाऱ्यावर सुखरूप आहे.

या ‘ह’चं एवढं कौतुक का, तर तो मुळात ‘स’ आहे. ग्रीकमध्ये शब्दारंभीच्या जुन्या ‘स’चा ‘ह’ होतो: सप्त तिथे हेप्टा, सम तिथे होमोस, आपल्या सर्पाचं सरपटणं तिथे हेर्पो. होदोसचा ‘ह’ मागे नेला की ‘सद्’ हाती येतो. ‘सद्’ म्हटल्यावर आपल्याला बसणं आठवतं: सदन, सदस्य, सभासद, परिषद, संसद. युरोपीय व्युत्पत्तिकारांपैकी काहीजण इथे अडतात. बसण्याचा ‘सद्’ वेगळा, जाण्याचा वेगळा, दोन्हींचा उच्चार योगायोगाने सारखा, असं म्हणून ते फाइल बंद करतात.

ही सावधगिरी मला पटत नाही. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी अर्थासह यादी, उघडा. तिथे लिहिलं आहे: ‘षद्लृ विशरणगत्यवसादनेषु’. झिजणं, जाणं आणि खचणं. बसण्याचा तर नावानिशी उल्लेखही नाही, जाण्याचा आहे! ‘उपनिषद’ शब्द उलगडताना शंकराचार्यांनी हेच तीन अर्थ घेतले आहेत. ज्या वैयाकरणांनी ‘गती’ हा अर्थ नोंदवला त्यांच्यापुढे ग्रीक कोश नव्हता. त्यांनी भाषेत जे ऐकलं ते लिहिलं. आपल्या ‘आसन्न’मध्ये तीच गती आहे: आसन्नमरण म्हणजे ज्याचं मरण जवळ येऊन ठेपलं आहे असा. रशियन घ्या. तिथे ‘खोद’ म्हणजे चाल. हाच धातू, आणि त्यातला ‘ख’ हा इ-उ नंतर बदललेला ‘स’ आहे, जसा आपल्या ‘परिषद’मध्ये ‘इ’नंतर ‘ष’ होतो. रशियन भाषेत चर्चच्या पॅरिशला ‘प्रिखोद’ म्हणतात, अक्षरशः ‘येणं’. एवढ्या भाषा एका दिशेला बोट दाखवत असताना योगायोग म्हणून हात झटकणं हा आळस आहे.

म्हणून माझं मत असं, आणि ते माझं म्हणूनच घ्या, की ‘संसद’ आणि ‘सिनड’ ही एकाच बांधणीची भावंडं आहेत. ‘सम्’ आणि ‘सिन’ हे उपसर्ग एकच आहेत असं मी म्हणत नाही, ते तसे नाहीत. पण काम एकच करतात आणि पुढचा धातू एक आहे. याच धातूच्या बसण्याच्या अर्थातून ग्रीक ‘हेद्रा’ हे आसन आलं, त्याच्यापासून ‘कथेद्रा’ हे बिशपचं आसन, आणि ते आसन जिथे आहे ते कॅथीड्रल. म्हणजे डायसिसच्या कारभारातले दोन्ही खांब एकाच धातूचे: बिशप आसनावर बसतो तिथे सद्, आणि त्याचे लोक चालत येऊन सभा भरवतात तिथेही सद्.

लिंगाचं विचारलंत, तेही इथेच सांगून टाकतो. ‘सिनड भरली’ असंच लिहा. सभा, परिषद, संसद, बैठक सगळ्या स्त्रीलिंगी, त्यामुळे मराठी कानाला तेच सरळ लागतं. शिवाय ग्रीकमध्ये ‘ओस’ने संपणारी नामं सहसा पुल्लिंगी असली तरी ‘होदोस’ स्त्रीलिंगी आहे, आणि म्हणून ‘सिनोदोस’ही. आपल्याकडे ‘मार्ग’ पुल्लिंगी पण ‘वाट’ स्त्रीलिंगी. मग सिनडला वाटेच्या घरात ठेवायला हरकत कसली?

आता ज्यांच्याशी माझं खरं भांडण आहे त्यांच्याकडे वळतो. गेल्या काही वर्षांत प्रवचनांतून आणि पत्रकांतून एक गोड व्युत्पत्ती फिरते आहे: सिनड म्हणजे ‘सहप्रवास’, सगळ्यांनी मिळून एका वाटेने चालणं. ऐकायला छान, पण ग्रीक वापर तसं सांगत नाही. एकत्र चालणाऱ्यांच्या तांड्याला ग्रीकमध्ये ‘सिनोदिया’ असा वेगळा शब्द आहे. लूककृत शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू यरुशलेमात मागे राहतो आणि आईबापांना वाटतं की तो तांड्याबरोबर असेल, तिथे तो शब्द आला आहे. ‘सिनोदोस’ म्हणजे निरनिराळ्या वाटांनी येऊन एका जागी मिळणं. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: संगम. सम् अधिक गम्. याला पुरावा हवा तर आकाशात पाहा. ग्रीक ज्योतिषी सूर्य आणि चंद्र एकत्र येण्याला ‘सिनोदोस’च म्हणत. म्हणून सुमारे साडेएकोणतीस दिवसांच्या चांद्रमासाला इंग्रजीत आजही सिनॉडिक महिना म्हणतात. आपण त्याच क्षणाला ‘अमावास्या’ म्हणतो: ‘अमा’ म्हणजे एकत्र, ‘वस्’ म्हणजे राहणं. सूर्य आणि चंद्र काही हातात हात घालून चालत नाहीत. दोघांच्या गती वेगळ्या, ते ठरल्या वेळी भेटतात आणि पुन्हा आपापल्या मार्गाला लागतात.

हा फरक अँग्लिकन इतिहासाला तंतोतंत लागू पडतो. ही माणसं एका वाटेने चालत नव्हतीच. इंग्लंडमधली जुनी कॉन्व्होकेशन, जी खरोखर बिशप-धर्मगुरूंची सभा होती, ती १७१७ मध्ये राजसत्तेने गप्प केली, आणि कँटरबरीत तिला पुन्हा कामकाज करायला १८५० चं दशक उजाडलं. तेव्हा सिनडचा नवा अवतार वसाहतींत घडला. न्यूझीलंडच्या बिशप सेल्विनने १८४४ मध्ये धर्मगुरूंना जमवलं आणि १८५७ च्या घटनेत प्रापंचिकांना जागा मिळाली. केपटाउनचा बिशप रॉबर्ट ग्रे याने सिनड बोलावली, तेव्हा मोब्रे पॅरिशचे रेव्हरंड लाँग यांनी तिच्यासाठी प्रतिनिधी निवडण्याची सूचना वाचायलाच नकार दिला. ग्रेने त्यांना आधी निलंबित केलं, मग पदावरून काढलं. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींच्या अखेरच्या अपील न्यायालयापर्यंत, गेलं आणि १८६३ मध्ये लाँग जिंकले. जिथे चर्च कायद्याने प्रस्थापित नाही, तिथे ते इतर कुठल्याही धर्मसंस्थेसारखंच, आणि त्याचे नियम ज्यांनी मान्य केले त्यांनाच ते बांधतात, असा त्या निकालाचा गाभा होता. त्या निकालानंतर वसाहतींतल्या सिनडांना लेखी घटना आणि सभासदांची संमती यांच्यावरच उभं राहावं लागलं. प्रापंचिकांना मत देणं ही बिशपाची मेहेरबानी उरली नाही, ती कारभाराची गरज झाली.

‘धर्मसंसद’ हा पर्याय काहींनी सुचवला आहे. व्युत्पत्तीने तो मला सर्वांत जवळचा आहे, वर त्यासाठीच एवढा झगडलो. तरीही बातमीत वापरू नका. तो शब्द आपल्याकडे साधू-महंतांच्या मेळाव्यांना लागलेला आहे, आणि वाचक तेच समजेल. ‘सिनड’ तसाच ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘बिशप, धर्मगुरू आणि निवडून आलेले सभासद यांची सभा’ एवढं लिहा. जागा लागते, लागू द्या.

आणखी एक खबरदारी, ही महाराष्ट्रातल्या बातम्यांसाठी. मुंबईची अँग्लिकन डायसिस १८३७ ची. १९२७ च्या कायद्यानुसार १ मार्च १९३० पासून इथलं चर्च इंग्लंडच्या चर्चपासून वेगळं झालं, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्या चर्चमध्ये ‘सिनड’ म्हणजे सर्वांत वरची, साऱ्या चर्चची सभा, आणि तिचा प्रमुख मॉडरेटर. डायसिसच्या पातळीवर जी सभा भरते तिला तिथे ‘डायोसिसन कौन्सिल’ म्हणतात. तेव्हा लंडनच्या डायसिसची सिनड आणि नाशिकच्या डायसिसची कौन्सिल या एका पातळीवरच्या सभा आहेत. ‘नाशिकच्या सिनडने ठरवलं’ असं कुणी लिहून आणलं, तर निर्णय नाशिकात झाला की साऱ्या चर्चच्या सिनडमध्ये, हे आधी त्याला विचारा.