किल्ल्यावरून शिंदळ माकुडीची (कड्याच्या फटीत उगवणारी दुर्मिळ, मांसल फांद्यांची वनस्पती) फांदी आणून गॅलरीत लावली तर ती वाचवायला हातभार लागेल का? आणि फुलं कधी दिसतात?

नाही लागणार. पण 'लागतो' असा दावा माझा मेहुणा करतो, म्हणून लिहायला बसलो.

एका भाद्रपदात आम्ही जुन्नरकडच्या कड्याखालून चाललो होतो. कातळाच्या फटीतून मांसल फांद्या लोंबत होत्या, पानं तरारलेली, आणि मध्ये पिवळे ठिपके असलेली किरमिजी, मखमली, पाच टोकांची फुलं. मी फोटो काढेपर्यंत या गृहस्थानं काठीनं ओढून अख्खी जुडी मुळासकट खाली पाडली. वर म्हणे, "इथं शेळ्या खातील, वणव्यात जळेल. माझ्याकडं जगेल तरी!" भर वाटेत जुंपली आमची. ताई मध्ये पडली म्हणून निभावलं.

आणि जगली की! फांदी मातीत खोचली तरी मूळ धरते, त्यात कर्तबगारी कसली? परदेशातले निवडुंगवेडेसुद्धा कुंड्यांत वाढवतात ती. पण दर पावसाळ्यात घरच्या ग्रुपवर फुलाचा फोटो येतो, खाली 'वाचवली'. मी एवढंच विचारतो, शेंग धरली का? त्यावर अंगठा येतो. अहो, कड्यावर माश्या फुलांवर बसतात, जोडशेंगा धरतात, रेशमी शेंडीचं बी वाऱ्यावर जातं आणि एखादं दुसऱ्या फटीत रुजतं. एका झाडाच्या फांद्या दहा कुंड्यांत लावल्या तरी झाड तेच एक. तिकडं फट रिकामी ती रिकामीच.

शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड असे सह्याद्रीतले मोजकेच कडे. जगात इतरत्र ती आपणहून कुठंच उगवत नाही. 1860च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलनं तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याचं नाव दिलं. हल्ली शिवसुमनही म्हणतात.

फुलं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. दुर्बीण न्या, काठी नको.

शेळ्या आणि वणव्याचं मात्र मेहुणा खोटं बोलत नव्हता, ते धोके खरेच आहेत. रोपवाटिकेत वाढवलेल्या झाडाच्या फांदीपासून केलेलं रोप मिळालं तर खुशाल लावा. निचरा चांगला हवा. पावसाळ्यानंतर पानं गळतील, तेव्हा मेली समजून पाणी ओतत बसू नका. पण 'कड्यावरची अस्सल' म्हणून कुणी दिली तर फुकटातही घेऊ नका, देणारा सख्खा मेहुणा असला तरी.